घसा धरला, एवढ्याने काय होते?

पोराचा घसा धरला की आपल्या घरात मीठ-पाण्याच्या गुळण्या होतात, हळद-दूध होते. फार झाले तर नाक्यावरच्या डॉक्टरकडून तीन दिवसांच्या गोळ्या येतात. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतेही. पण स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा धरला असेल आणि औषध अर्धवट राहिले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप भरतो. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा धरतो. हा संधिज्वर, डॉक्टर त्याला रुमॅटिक फीवर म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना तो जास्त गाठतो. वाढीचे दुखणे म्हणून आपण तेल चोळतो, सांधे बरे होतात आणि घर ते विसरून जाते. जंतूशी लढायला निघालेली शरीराची शक्ती मात्र आपल्याच हृदयावर उलटलेली असते. असा ताप पुन्हा पुन्हा आला की हृदयाच्या झडपा आखडतात, चिकटतात, गळू लागतात.

आता हा जंतू पसरतो कुठे? माणसे एकमेकांच्या श्वासात झोपतात तिथे. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले, द्रोणागिरीच्या आसपास कंटेनरची यार्डे आणि गोदामे उभी राहिली. त्यांच्या मागोमाग पोटासाठी माणसे आली. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली, समुद्रावरचा पूलही झाला. पण हातावर पोट असलेल्या कुटुंबाच्या वाट्याला आजही भाड्याची एकच खोली येते. त्यात पाच-सहा जणांची अंथरुणे, आणि एकुलती खिडकी डासांसाठी लावलेली. एकाचा घसा बिघडला की चौघांचा बिघडतो. ‘पोराला बाहेरचे खायला दिलेस,’ म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनी ही खोली आधी पाहावी.

डेन्मार्क, अमेरिका या देशांत संधिज्वर पेनिसिलीन येण्याआधीच उतरणीला लागला होता. घरे मोठी झाली, गर्दी विरळ झाली, ताटात अन्न वाढले, हे त्याचे एक मोठे कारण मानतात. आपल्याकडे डॉ. सुजय रॉय यांनी 1963 साली दाखवून दिले, की तिकडे मोठ्या वयात दिसणारे झडपेचे आकुंचन इथे विशी न गाठलेल्या मुलांतही दिसते.

द्रोणागिरीच्या डोंगरावर संजीवनीची गोष्ट ज्यांना सांगायची त्यांनी सांगावी. आम्हाला इथे पेनिसिलीनची बाटली महत्त्वाची वाटते. ताप, गिळताना दुखणे, मानेला गाठी आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे असेल तर मुलाला लगेच डॉक्टरला दाखवा. जंतूचा घसा असेल तर नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले पाहिजे. दहा दिवसांचे दिले असेल तर ते दहा दिवस पुरे घ्यायचे, ताप उतरला तरी.

एकदा संधिज्वर होऊन गेला की दर 21 दिवसांनी लांबच्या पल्ल्याचे पेनिसिलीन घ्यावे लागते. किमान पाच वर्षे किंवा अठराव्या वर्षापर्यंत, यांत जे लांबेल ते. झडप बिघडली असेल तर त्याहून पुष्कळ जास्त, कधी जन्मभर. हे इंजेक्शन बिघडलेली झडप दुरुस्त करीत नाही, पुढचा हल्ला अडवते. म्हणूनच ‘पोर तर हसते-खेळते आहे, कशाला टोचायचे’ असे वाटते. शिवाय ते दुखते फार, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने काही खाजगी डॉक्टर द्यायला कां-कूं करतात. मग मोरा बंदरातून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचे, मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे. म्हणजे एक खाडा, आणि कंत्राटी कामात खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. इंजेक्शन चुकते ते इथे. तेव्हा मोठ्या डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात ते मिळण्याची सोय विचारा.

मुलींबाबत आम्हाला जास्त धास्ती वाटते. दमते, धाप लागते, तरी ‘कामचुकार’ म्हणून तिचे दुखणे दडते आणि पहिल्या बाळंतपणात उघडे पडते. त्या वेळी हृदयावरचा भार वाढलेला असतो. लहानपणी सांधे सुजले होते का, हे तिच्या आईने सासरी सांगायला लाजू नये, आणि तपासणीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगावे.

शाळा-अंगणवाडीत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. या रोगाची तपासणी त्यात आहे. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. झडपेचे ऑपरेशन सांगितले असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड मात्र रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा. खोली बदलताना ती पिशवी कोणी विसरत नाही.