जिभेखालची गोळी

गेल्या रविवारी उरणला आत्याकडे गेलो होतो. चहाला बसलो तर आतेभाऊ काही बोलेचना. "रुसलास काय रे?" काकांनी विचारलं. त्याने नुसता हात केला. जिभेखाली गोळी होती. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, प्यायचं नाही. ब्युप्रेनॉर्फिन.

ती विरघळली आणि काकांचा पुढचा प्रश्न आलाच. "एक नशा सोडून दुसरी धरलीस, मिळवलंस काय?"

काकांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गर्द म्हटलं की आमच्या पिढीला अनिल अवचट आठवतात. त्यांचे लेख वाचून पु.ल. आणि सुनीताबाई पुढे आले आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे, हे डॉ. अनिता अवचटांनी तिथे किती जणांना शिकवलं! राहून उपचार, गटात मन मोकळं करणं, बर्‍या झालेल्यांनी नव्यांना सांभाळणं... याबद्दल मला आदरच आहे.

पण गर्दाची एक गोम आहे. महिनाभर सुटला की शरीराची सवय उतरते. मग जुन्याच मापाने घेतला तर श्वास थांबू शकतो. 2021 साली आतेभाऊ बरा होऊन घरी आला तेव्हा "आता कशाला गोळ्या?" असं आपण सगळेच म्हणालो. हो, मीसुद्धा. त्याने सोडल्या. तीन आठवड्यांनी आत्याला तो न्हाणीत निळा पडलेला सापडला. वाचला, नशीब.

ही गोळी मेंदूत गर्दाची जागा अडवून बसते. तलफ आणि अंगदुखी थांबते, पण एका मर्यादेपुढे तिचा परिणाम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय.

2022 साली न्हावा शेवाच्या कंटेनरमध्ये वीस टनांहून जास्त ज्येष्ठमध सापडलं, हेरॉईन लावलेलं. तेव्हा उरणात जो तो बंदराबद्दल बोलत होता. आत्याच्या घराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

काका, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. तुमची बीपीची गोळी चौदा वर्षं चालू आहे, तिला कुणी नाव ठेवलं का?

आतेभाऊ आता 2024 साली सुरू झालेल्या लोकलने कामाला जातो. कामाच्या दिवशी गाडी सुटली की गोळी जिभेखाली ठेवतो. म्हणतो, तिथे कुणी काही विचारत नाही.