दोन मिलिलिटरला कोड कधी मिळणार?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या सभासदांनी पॅलिएटिव्ह हेड अँड नेकच्या रुग्णांसाठी मेट्रोनॉमिकसोबत कमी मात्रेच्या निवोलुमॅबचे प्रीऑथ सरकारी योजनेत टाकले. क्वेरी आली: मात्रा लेबलप्रमाणे नाही, खुलासा करा. खुलासा गेला, सोबत छापील शोधनिबंध गेला, ट्यूमर बोर्डाची नोंद गेली. पुन्हा क्वेरी आली: ही मात्रा नमूद असलेले मंजूर माहितीपत्रक जोडा. असे माहितीपत्रक अस्तित्वातच नाही, हे क्वेरी टाकणाऱ्यालाही माहीत असायला हवे. तिसऱ्या फेरीत प्रकरण नामंजूर झाले. एका पत्रात या फेऱ्यांना पाच आठवडे लागल्याचे लिहिले आहे. ज्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान महिन्यांत मोजायचे, त्यांच्या बाबतीत पाच आठवडे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

पुरावा काय आहे तो थोडक्यात मांडतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये 151 रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची यादृच्छिक चाचणी झाली आणि ती 2022च्या अखेरीस जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तिहेरी मेट्रोनॉमिकला दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली, तेव्हा एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरील दुष्परिणामांत वाढ दिसली नाही. चाचणी एकाच केंद्रातली होती, तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे आक्षेप रास्त आहेत. पण पूर्ण मात्रा परवडणारा रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात किती वेळा येतो? आपल्या रुग्णापुढची खरी निवड 20 मिलिग्रॅम की काहीच नाही, एवढीच असते. नेमकी त्याच प्रश्नाची ही चाचणी आहे.

लेबलवरची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर एकीकडे 720 मिलिग्रॅम, दुसरीकडे 40. अठरा पट फरक. लेबल बदलण्यासाठी नियामकाकडे अर्ज करायचा असतो आणि तो करते कंपनी. आपल्या औषधाचा खप अठराव्या हिश्श्यावर आणणारा अर्ज कोणती कंपनी करील? लेबल ही पुराव्याची एकमेव मुद्रा मानली, की सरकारी पैशावर झालेले, आपल्याच रुग्णांवर झालेले संशोधन सरकारी योजनेच्या दारातच अडते. हे धोरण कोणी बसून ठरवलेले नाही. कोणीच न ठरवल्यामुळे ते चालू राहिले आहे, आणि म्हणून त्यावर जास्त चीड येते.

जिथे कोणीतरी समंजस अधिकारी प्रीऑथ मंजूर करतो, तिथे पुढची अडचण व्हायलची. निवोलुमॅब 40 आणि 100 मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये येते, दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. म्हणजे 20 मिलिग्रॅम म्हणजे दोन मिलिलिटर, आणि 40च्या एका व्हायलमध्ये दोन रुग्ण. व्हायल एकदाच वापरायची असते, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसते. तेव्हा दोघांना एकाच दिवशी बोलवायचे, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये एकाच बैठकीत दोन्ही मात्रा काढायच्या. फार्मासिस्टला यात काही अवघड नाही. अवघड होते ते क्लेम भरताना. क्लेमला रुग्णाच्या नावाचे बिल लागते, व्हायलवरचे स्टिकर लागते, रिकाम्या व्हायलचा फोटो लागतो. स्टिकर एक आणि रुग्ण दोन. पहिल्याच्या कागदावर स्टिकर लावले की दुसऱ्याचा क्लेम अपुऱ्या कागदपत्रांत अडकतो. झेरॉक्स लावली तर एकच व्हायल दोनदा दाखवल्याचा शेरा. आमच्या एका सभासदाला फसवणुकीची नोटीस आली आणि उत्तर द्यायला बॅच क्रमांकांची वही घेऊन कार्यालयात जावे लागले. तेव्हापासून त्यांच्या रुग्णालयात प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र व्हायल फोडली जाते. वीस मिलिग्रॅम रुग्णाच्या शिरेत जाते आणि वीस पिवळ्या पिशवीत. कागद बिनचूक राहतात. त्या फेकलेल्या औषधावर जो माणूस आणखी तीन आठवडे काढू शकला असता, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

जुलै 2024च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकान, ओसिमर्टिनिब आणि ड्युर्वालुमॅब या तीन औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले. चांगलेच झाले. पण शुल्क माफ होऊनही ही औषधे पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या आवाक्यात येत नाहीत. जे आवाक्यात आहे आणि ज्याला यादृच्छिक चाचणीचा आधार आहे, त्यासाठी फक्त एक पॅकेज कोड आणि व्हायल वाटून घेण्याचा दोन परिच्छेदांचा नमुना हवा आहे. त्याला अर्थसंकल्पाची तरतूद लागत नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या केंद्रांनी 40 औषधांची एकत्रित खरेदी करून किमती किती खाली येऊ शकतात ते दाखवून दिले आहे. मग एका कोडसाठी तज्ज्ञ समितीची एक बैठक का लागू शकत नाही?

आता थोडे आपल्याबद्दल. दोन सायकल पूर्ण मात्रेत द्यायच्या, घरच्यांनी जमीन गहाण टाकायची आणि पैसे संपले की रुग्णाला पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवायचे, हे आपल्यातलेच काही जण करतात. लेबलप्रमाणे दिले, असे ते म्हणतात. अर्धवट सोडलेल्या दोन सायकलींना कुठल्याही चाचणीचा आधार नाही. सर्जन मंडळींनाही विचारतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती 0.5 टक्के लिडोकेन टोचण्याची बहुकेंद्री भारतीय चाचणी 2023मध्ये प्रसिद्ध झाली: 1600 स्त्रिया, सहा वर्षांचे जीवित राहण्याचे प्रमाण 86.4वरून 89.9 टक्के. याला कोड नको, प्रीऑथ नको, खर्च जवळपास नाहीच. तरीही आपल्यापैकी किती जणांच्या ऑपरेशन नोटमध्ये त्याचा उल्लेख असतो? पटत नसेल तर का पटत नाही ते लिहा, आम्ही छापू. गप्प राहून जुनेच करत राहणे मात्र मान्य नाही.

आणि उलट बाजूचा उतावळेपणाही नको. 20 मिलिग्रॅमचा हा पुरावा पॅलिएटिव्ह हेड अँड नेकचा, मेट्रोनॉमिकच्या जोडीचा आहे. तोच आकडा उचलून मेलॅनोमाला किंवा ॲड्ज्युव्हंटला लावून वर त्याला पुरावा म्हणणे, हे गरीब रुग्णाला दुय्यम उपचार देणे आहे. तसे केले तर क्वेरी टाकणारा कारकून बरोबर ठरेल.

म्हणून या महिन्यापासून कामाला लागा. कमी मात्रेच्या रुग्णांचा आठवड्यातला एक वार ठरवा. फार्मसीत व्हायलची वेगळी वही ठेवा: बॅच क्रमांक, उघडल्याची वेळ, काढलेली मात्रा, दोन्ही रुग्णांचे नोंदणी क्रमांक, दोन सह्या. प्रत्येक क्वेरीला तोंडी नव्हे, लेखी उत्तर द्या आणि नकारही लेखीच मागा. फोनवरचा नकार उद्या कोणी कबूल करणार नाही. रुग्णाचे नाव आणि कार्ड क्रमांक झाकून त्या नकारांच्या प्रती आमच्याकडे पाठवा, सोबत तो रुग्ण पुढे किती दिवस जगला तेही लिहा. पुढच्या दोन अंकांपर्यंत जे जमेल ते एकत्र करून, तारीखवार लावून, आम्ही आरोग्य सचिवांच्या टेबलावर ठेवणार आहोत. दहा पत्रांनी काही होणार नाही. प्रत्येक जिल्ह्यातून किमान एक प्रकरण हवे.