गणवेशातला त्राता

अनिल रविपुडी दिग्दर्शित 'सरिलेरु नीकेव्वरु' (२०२०) या तेलुगू चित्रपटातील मेजर अजय कृष्ण सीमेवरून कर्नूलला येतो आणि मंत्र्याच्या गुंडांना लोळवून प्राध्यापिका भारतीचे रक्षण करतो. सैनिकाच्या त्यागाविषयी आदर असावा, यात वाद नाही. परंतु भ्रष्ट मंत्र्याला जाब विचारणे हे मतदारांचे काम सीमेवरच्या मेजरकडे केव्हापासून गेले? रायलसीमेतील गुंडगिरी ज्यावर पोसली गेली, त्या जमीन-पाण्याच्या मक्तेदारीला चित्रपट हातही लावत नाही. एक खलपुरुष नमला की प्रश्न सुटला!

भारतीची भूमिका विजयशांतीने केली आहे. याच अभिनेत्रीने टी. कृष्ण यांच्या 'प्रतिघटना'त (१९८५) गुंडाने भररस्त्यात विवस्त्र केलेली प्राध्यापिका साकारली होती. ती कोणा त्रात्याची वाट पाहत बसली नाही. कुऱ्हाड तिने स्वतः उचलली. कुऱ्हाड हा लोकशाहीचा मार्ग नव्हे, हे खरेच. तथापि तेथे पेटून उठली होती ती एक सामान्य नागरिक. पस्तीस वर्षांनंतर त्याच विजयशांतीची प्राध्यापिका मेजरच्या आडोशाला उभी केली गेली, आणि या माघारीलाच देशभक्ती म्हणून टाळ्या मिळाल्या.