नोंद खरी, हक्क कोणाचा?

मार्च 2021 मध्ये ख्रिस्तीज् या लिलावसंस्थेने बीपल या अमेरिकन चित्रकाराच्या पाच हजार चित्रांचे संगणकीय संकलन 6 कोटी 93 लाख डॉलरना विकले, आणि तोवर मूठभर जाणकारांपुरते मर्यादित असलेले ‘एनएफटी’ हे नाव रातोरात सर्वतोमुखी झाले. खरेदीदार होते मूळचे तमिळनाडूचे व सिंगापूर येथे स्थायिक झालेले विघ्नेश सुंदरेसन. एवढ्या रकमेच्या मोबदल्यात त्यांना भिंतीवर टांगण्याजोगे काही मिळाले नाही. चित्राचा स्वामित्वहक्कही त्यांच्याकडे आला नाही. चित्र तर आजही कोणीही घरबसल्या फुकट पाहू शकतो. मग विकले गेले ते काय? गेल्या काही वर्षांत या बाजारात जे तंटे आणि जे घोटाळे झाले, त्यांचे मूळ या एकाच प्रश्नाचे उत्तर कोणी नीट न देण्यात आणि फारसे कोणी न मागण्यात आहे.

उत्तर तसे अवघड नाही. विकली जाते ती एक नोंद. अमुक क्रमांकाची खूण अमुक खात्यावर आहे, एवढेच ‘ब्लॉकचेन’ नावाच्या, असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामाईक खतावणीत लिहिलेले असते. चित्र त्या खतावणीत बहुधा नसतेच. ते दुसरीकडे कोठेतरी साठवलेले असते आणि नोंदीत त्याचा केवळ ठावठिकाणा असतो. ही नोंद कोणाला पुसता येत नाही, हा तिचा गुण वादातीत आहे. पण पुसता न येणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे जमीन आपली झाली, अशी समजूत करून बसलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयात काय ऐकावे लागते, हे खेड्यापाड्यांतील वाचकांना सांगावयास नको. ती नोंद महसुलासाठी असते. तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. तरीही आपला तलाठी फेरफार मंजूर होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस काढतो, हरकती मागवतो. या नव्या खतावणीला तलाठी नाही, नोटीस नाही आणि हरकतीचा रकानाही नाही. जो प्रथम येईल त्याने दुसऱ्याचे चित्र उचलावे आणि आपल्या नावे चढवावे.

आणि लोकांनी तेच केले. किंग हान या कॅनडातील चित्रकर्तीचे फेब्रुवारी 2020 मध्ये कर्करोगाने निधन झाले. पुढल्याच वर्षी तिची चित्रे कोणा अज्ञाताने एनएफटी म्हणून विक्रीस मांडल्याचे उघडकीस आले. चाहत्यांनी ओरड केली नसती तर मृत चित्रकर्तीच्या वतीने हरकत घेणार कोण होते? हा अपवाद मानण्याची सोयही फार दिवस राहिली नाही. जानेवारी 2022 मध्ये ‘ओपनसी’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेने स्वतःच जाहीर केले की, तिने फुकट दिलेल्या साधनाच्या आधारे तयार झालेल्या मालापैकी 80 टक्क्यांहून अधिक माल चोरीचा, बनावट किंवा निव्वळ कचरा होता. पुढच्याच महिन्यात ‘सेंट’ नावाच्या दुसऱ्या पेढीने याच कारणासाठी आपले बहुतेक व्यवहार थांबविले. दुकानदारानेच आपला पाचातला चार हिस्से माल खोटा असल्याची कबुली द्यावी, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

बड्यांचे तंटे निराळ्या जातीचे आहेत. तेथे चोरीपेक्षा जुन्या करारांचा अर्थ काय, हा मुद्दा असतो. क्वेंटिन टॅरेंटिनो यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये ‘पल्प फिक्शन’च्या आपल्या हस्तलिखित पटकथेतील प्रसंग एनएफटीच्या रूपाने विकण्याची घोषणा करताच मिरामॅक्स या चित्रपटसंस्थेने त्यांच्यावर दावा लावला. पटकथा प्रसिद्ध करण्याचा हक्क करारान्वये आपण राखून ठेवला आहे, असे लेखक म्हणत होता. उरलेले सर्व हक्क आपल्याकडे आहेत, असे संस्था म्हणत होती. एक खूण विकणे म्हणजे पटकथा ‘प्रसिद्ध करणे’ होय काय? मोठा रंजक प्रश्न होता. परंतु सप्टेंबर 2022 मध्ये उभयपक्षी तडजोड झाली आणि न्यायालयाचा निर्णय ऐकण्याची संधी जगाला मिळाली नाही. एर्मेस या फ्रेंच पेढीच्या प्रसिद्ध हातपिशवीच्या केसाळ संगणकीय आकृत्या विकणाऱ्या कलावंताला मात्र न्यूयॉर्कच्या ज्यूरीने फेब्रुवारी 2023 मध्ये 1 लाख 33 हजार डॉलर भरपाई द्यावयास लावली. तो वाद व्यापारचिन्हाचा होता आणि कलाभिव्यक्तीचा बचाव तेथे टिकला नाही.

याहून बोधप्रद, आणि काहीशी हास्यास्पद, हकीकत ‘स्पाइस डीएओ’ या मंडळीची आहे. होडोरोव्हस्की यांच्या कधीच न निघालेल्या ‘ड्यून’ चित्रपटाचा आराखडा असलेले दुर्मीळ पुस्तक या गटाने वर्गणी काढून 2021 च्या अखेरीस पॅरिसच्या लिलावात 26 लाख युरोंहून अधिक किंमत मोजून घेतले. आता त्यावरून नवी चित्रमालिका काढू, असे मनोरथही जाहीर केले. पुस्तकाची प्रत घेतल्याने पुस्तकाचा स्वामित्वहक्क येत नाही, हे त्यांना इतरांनी सांगावे लागले. ग्रंथालयातून वा पदपथावरून पुस्तक आणणाऱ्या आपल्या कोणाही विद्यार्थ्याला जे ठाऊक असते, ते लक्षाधीशांना ठाऊक नसावे! पण दोष केवळ त्यांच्या भाबडेपणाचा नाही. ‘तुम्ही मालक झालात’ ही भाषा या बाजाराने इतक्या अट्टहासाने वापरली की ऐकणाऱ्याचा समज तसाच व्हावा.

सरळ फसवणुकीच्या प्रकारांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ते आपल्या चिटफंडांहून फारसे वेगळे नाहीत. ‘इव्हॉल्व्ह्ड एप्स’ या मालिकेचा कर्ता 2021 मध्ये सुमारे 27 लाख डॉलर घेऊन अदृश्य झाला. ‘फ्रॉस्टीज’ ही मालिका विकून वचने वाऱ्यावर सोडणाऱ्या दोघा वीस वर्षांच्या तरुणांवर अमेरिकेत मार्च 2022 मध्ये आरोप ठेवण्यात आले. रक्कम 11 लाख डॉलरची होती. मात्र किंमत कोसळली म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे, हा विवेक ठेवला पाहिजे. ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या संदेशाची खूण एकाने 29 लाख डॉलरना घेतली आणि एप्रिल 2022 मध्ये 4 कोटी 80 लाखांच्या अपेक्षेने लिलावात काढली, तेव्हा सर्वोच्च बोली आली सुमारे 280 डॉलरची. येथे कोणी कोणास ठकविले नव्हते. हा हव्यासाचा हिशेब होता.

या व्यवस्थेचे समर्थक सांगतात की, गरीब कलावंताला तिने दलालांच्या तावडीतून सोडविले. प्रत्येक पुनर्विक्रीत त्याला हिस्सा मिळू लागला. काही कलावंतांना पैसा मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा हिस्सा यंत्राने आपोआप दिला जाईल, हे वचन तंत्राच्या नव्हे तर बाजारपेठेच्या मर्जीवर अवलंबून होते. गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानांकडे वळू लागताच ओपनसीने ऑगस्ट 2023 मध्ये हा हिस्सा ऐच्छिक करण्याचे ठरविले. दलाल गेला नव्हता; त्याने फक्त पोशाख बदलला होता.

अमेरिकेच्या स्वामित्वहक्क व पेटंट कार्यालयांनी मार्च 2024 च्या संयुक्त अहवालात, प्रचलित कायदे पुरेसे आहेत, नव्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला. तो तत्त्वतः योग्य वाटतो. चोरलेले चित्र चोरलेलेच असते. प्रश्न उरतो तो जबाबदारी कोणावर टाकावयाची याचा. चीनमधील हांगचौच्या इंटरनेट न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये त्याला धीट उत्तर दिले. लस टोचून घेणाऱ्या लठ्ठ वाघाचे एक चित्र कोणीतरी उचलून 899 युआनला विकले होते. न्यायालयाने विक्रेत्याला शोधत न बसता बाजारपेठेलाच जबाबदार धरले. तुम्ही प्रत्येक विक्रीवर दलाली घेता. तेव्हा विक्रेत्याजवळ हक्काचा प्राथमिक पुरावा आहे की नाही हे पाहणे तुमचे काम आहे, असा निकालाचा आशय होता. भरपाई अवघी 4 हजार युआन. तत्त्व मात्र मोलाचे.

आपल्याकडे हे तत्त्व अद्याप रुजलेले नाही. 2022 च्या अर्थसंकल्पाने एनएफटीसह सर्व ‘आभासी’ मालमत्तांच्या नफ्यावर 30 टक्के कर बसविला आणि तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्याची मुभा नाकारली. सरकारने आपला वाटा असा निश्चित केला. गिऱ्हाइकाच्या आणि कलावंताच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार मात्र झाला नाही. क्रिकेटपटूंच्या चित्रपत्रिकांवरून दोन कंपन्यांत झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये मनाई हुकूम नाकारला. पण तो प्रश्न खेळाडूंच्या प्रसिद्धीहक्काचा होता, चोरीच्या चित्राचा नव्हे.

1957 चा आपला कायदा याबाबतीत दुबळा नाही. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे, अशी त्याची अट आहे आणि खतावणीतील नोंद ती अट आपोआप पूर्ण करीत नाही. शिवाय चित्रकार जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात त्याला दावा लावता येतो; कोल्हापूरच्या चित्रकाराने त्यासाठी न्यूयॉर्क गाठावयास नको. अडते ते पुढे. प्रतिवादीच्या नावाच्या जागी त्याच्यापाशी असते एक टोपणनाव आणि 42 अक्षर-अंकांचा एक संगणकीय पत्ता. 2022 मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन येथील न्यायालयांनी अशाच पत्त्यांवर, एनएफटीसारख्या खुणेच्याच रूपाने, नोटीस बजावण्याची परवानगी दिली. तेथील दावे लक्षावधींचे होते आणि वकिलांच्या मोठ्या पेढ्या ते चालवीत होत्या. चित्रामागे दोन-चार हजार रुपये मिळविणाऱ्या माणसाला हा खर्च झेपणारा नाही. विक्रेत्याचे खरे नाव व पत्ता घेतल्यावाचून माल मांडता येऊ नये आणि हक्कदाराने मागताच तो त्याच्या हाती पडावा, एवढी सक्ती बाजारपेठांवर करण्यास नवा कायदाही लागू नये; सरकारने नियम केले तरी भागेल.