भाजीची फळी आणि जयणा

स्वयंपाकघरातील विळीची जागा आता ओट्यावरील लाकडी फळीने घेतली आहे. अनेक कुटुंबे ती ओळखीच्या सुताराकडून करवून घेतात. कोणती भाजी वर्ज्य, याचा विचार जैन घरात होतोच. परंतु ती जिच्यावर चिरली जाते, त्या फळीत काय मिसळले आहे हे क्वचितच विचारले जाते.

सुतारकामात तीन प्राणिज पदार्थ सहज येतात. पहिला सरस, तो जनावरांची कातडी व हाडे शिजवून करतात. दुसरा चपडा, स्पिरिट पॉलिशची झळाळी लाखेच्या किड्यांच्या स्रावातून येते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. ज्याचा व्यापारही निषिद्ध, ते अन्नाखाली का असावे? तिसरे मधमाश्यांचे मेण. फळीसाठी मिळणाऱ्या तयार लेपांत ते पुष्कळदा असते.

म्हणून फळी शक्यतो अखंड घ्यावी. सरस लागत नाही आणि सांध्यांत ओलही साचत नाही. शिसव किंवा बाभूळ यांसारखे कठीण, पूर्ण वाळलेले लाकूड योग्य. साग पाण्यात टिकतो, मात्र त्यातील सिलिकेमुळे सुरीची धार लवकर जाते. गोदामातील पॅलेटचे लाकूड वापरण्याचा मोह टाळावा. त्यावर ‘एमबी’ असा शिक्का असल्यास त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिवाय त्यावर पूर्वी काय सांडले, हे कोणास ठाऊक?

लेपासाठी शेंगदाण्याचे वा तिळाचे तेल नको; ते खवट होते. रंगाच्या दुकानातील ‘डबल बॉइल्ड’ जवस तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात. औषधांच्या दुकानातील, इतर काहीही न मिसळलेले शुद्ध लिक्विड पॅराफिन उत्तम. ते कापडाने चोळावे, रात्रभर मुरू द्यावे, उरलेले पुसावे. लाकूड कोरडे दिसू लागताच पुन्हा लावावे. मेण हवेच असेल, तर ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण आहे.

लेपाचे खरे प्रयोजन शोभा नव्हे. ओल्या लाकडावर बुरशी धरते आणि बुरशीत अनंत जीवांची उत्पत्ती मानली आहे. फळी पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावी व उभी वाळवावी. चातुर्मासाच्या दमट दिवसांत तर हे रोज पाळावे. जीव उत्पन्न झाल्यावर तो काढण्यापेक्षा उत्पन्न होऊच न देणे, हीच जयणा.