घरामागे बेडूक!

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर एक गंमत दिसते. पुढे बसएवढं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि मागे बांधलेली जीप. चारही चाकं जमिनीवर, पण आत ड्रायव्हरच नाही! अशा गाडीला तिकडे ‘टोड’ म्हणतात. इंग्रजीत ‘ओढलेली’ आणि ‘बेडूक’ या शब्दांचा उच्चार सारखाच, म्हणून ही कोटी.

मोटरहोम मुक्कामी लावलं, की डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर भटकायला जीप मोकळी. पण जीपच का? बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या अशा ओढल्या, तर इंजिन बंद असल्यानं गिअरबॉक्समध्ये तेल खेळत नाही आणि तो खराब होतो. जीप रँग्लरमध्ये ‘ट्रान्स्फर केस’ असते. ती न्यूट्रलला टाकली, की चाकं फिरतात, गिअरबॉक्स मात्र स्वस्थ! हे विसरलात, तर गिअरबॉक्सचा निकाल लागलाच म्हणून समजा.

जीपच्या सांगाड्याला पुढून पोलादी प्लेट बसवतात, तिला टो-बार जोडतात. शिवाय सुरक्षेच्या साखळ्या. बार निसटलाच, तर त्या जीपला धरून ठेवतात. मोटरहोमबरोबर जीपचेही मागचे दिवे लागायला हवेत. आणि ब्रेक? जीपचं वजन सुमारे २ टन. घर थांबू लागलं, तरी जडत्वामुळे ती पुढेच रेटणार. न्यूटनचा पहिला नियम आठवला ना? म्हणून जीपचा ब्रेकही आपोआप लागेल अशी सोय करतात.

रिव्हर्स मात्र घ्यायचा नाही हं! जीपची पुढची चाकं आडवी वळतात आणि टो-बार वाकतो.

म्हणूनच शहाणा ड्रायव्हर निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारून एकेक जोड तपासतो. दप्तर भरताना तुम्हीही असंच करता ना?