अस्थींचा जमाखर्च

पिंपळगाव राजाच्या व्यापारी घरांत हिशेब मुलांच्या कानांवर लहानपणापासूनच पडतो. त्याच हिशेबाने त्यांना अस्थींची ओळख करून द्यावी. स्वतःच्या हाताचा पंजा चाचपून मुलांनी मोजावे: बोटांत १४, तळहातात ५, मनगटात ८, एकूण २७ हाडे, दोन्ही पंजांची ५४. प्रत्येक पावलात २६, म्हणजे आणखी ५२. प्रौढ देहातील २०६ हाडांपैकी १०६ येथेच भरली! जैन कर्मग्रंथांतही अस्थिबंधाचे सहा प्रकार ‘संहनन’ या नावाने सांगितले आहेत.

हाड सजीव असते. त्यातील कॅल्शियमची जमा साधारण तिशीपर्यंत वाढते. पुढे खर्च अधिक. म्हणून शाळा, शिकवणी आणि दुकानाची गादी यांतच दिवस घालवणाऱ्या मुलांना रोज ऊन व मैदानी खेळ, आहारात दूध व तीळ मिळावेत. उतारवयात कणा ताठ राहण्यास हीच शिल्लक उपयोगी पडते.